सहातून तीन गेले, एक आला

सहा

तादासी मास्तरांनी शाळेचा झेंडा आणून दिला त्याला तीन आठवडे झाले होते, आणि तीन आठवडे तो नोत्वेच्या हातमशीनशेजारच्या खुर्चीवर घडी होऊन बसला होता, न बोलावता आलेल्या पाहुण्यासारखा. मशीनवर परकर येत होते, जात होते. लाल फुलांचे, पिवळ्या फुलांचे, एक अननस काढलेला, एक ऑक्टोपस काढलेला, आठही पाय घेरावर पसरलेला. पोनपे बेटावरच्या कोलोनिया गावातल्या निम्म्या बायका नोत्वेने शिवलेला परकर नेसत आणि उरलेल्या निम्म्या आपला नंबर कधी लागतो म्हणून दारावरून दोनदा जात.

झेंड्याला मात्र तिने हात लावला नव्हता.

"नोत्वेबाई," मास्तर छत्री झाडत दारात उभे राहिले, "दहा मे जवळ आली."

"येईना का. दरवर्षी येते."

"यंदाची वेगळी आहे. यंदा आपलं सरकार येतंय. पोरं रांगेत उभी राहणार, मी दोरी ओढणार, आणि वर काय चढवू? तुमचा ऑक्टोपस?"

"ग्वामहून कापड मागवलंय ना तुम्ही?"

"मागवलंय. जहाज कुठे आहे ते त्या जहाजालाच ठाऊक. म्हणून तर म्हणतो, आहे तोच बदला. सोपं आहे हो. सहातून तीन गेले, एक आला. राहिले चार." मास्तरांना बोटांवर मोजल्याशिवाय काही सांगता येत नसे. "मारियाना गेलं. पलाऊ गेलं. मार्शल गेलं. आणि आलं कोण? तुमचं कोसराय! इतकी वर्षं आमच्या पोनपेच्या ताऱ्यातच तुम्हाला धरायचे. आता स्वतःचा तारा. दुसरी कुणी असती तर झेंडा हातात पडल्या दिवशीच शिवून मोकळी झाली असती."

हे खरं होतं. नोत्वे कोसराय बेटावरची. एकतीस वर्षांपूर्वी केसनरशी लग्न करून पोनपेला आली, आणि गेली बारा वर्षं कुणाचाही झेंडा वाऱ्यापावसात फाटला की तो तिच्याकडेच येई. निळ्यावर पांढरे सहा तारे, गोलात, अमेरिकेच्या कारभाराखालच्या सहा जिल्ह्यांचे. शाळेचा हा झेंडाही तिनेच शिवलेला, नऊ वर्षांपूर्वी. कोणता तारा कोणाचा हे वर लिहिलेलं नव्हतं, पण ती शिवताना मनात नावं घेई. सर्वांत वर पोनपे, नवऱ्याचा मान म्हणून. सर्वांत खाली ट्रूक. डावीकडे याप आणि पलाऊ. उजवीकडे, पूर्वेला, वरचा मार्शलचा. उरलेली जागा मारियानाची. कोसराय कुठेच नाही. ते ती शेवटच्या गाठीबरोबर मनातल्या मनात म्हणे आणि दोरा दाताने तोडी.

"माझी बोटं दुखतात, मास्तर."

मास्तरांनी ऑक्टोपसाच्या आठ पायांकडे पाहिलं, मग तिच्या बोटांकडे. शहाणा माणूस. छत्री उघडून निघून गेला.

सहा. त्याआधीच्या वर्षीचा जुलै

कोलोनियातली रेडिओ-खोली. बाकावर नऊ माणसं, आपापली पाळी येण्याची वाट पाहत. इथे जे बोललं जाईल ते या नऊजणांना, पलीकडे मार्शल बेटांवर माजुरोच्या खोलीत बाकावर बसलेल्यांना आणि मधल्या समुद्रात ज्याचा रेडिओ चालू असेल त्याला, सगळ्यांना ऐकू जाणार. नोत्वे माईकपाशी. माजुरोत तिची मुलगी वेलिना. लग्नाला दोन वर्षं. जावई जोरेलिक, मार्शलचा.

*नोत्वे :* वेलिना, ऐकू येतंय का गं? ओव्हर.

*वेलिना :* येतंय, आई. बरी आहेस ना? ओव्हर.

*नोत्वे :* बरी कशी असेन! मतदान करून आलात म्हणे. आपलं सगळ्यांचं मिळून एक सरकार नको म्हणालात म्हणे. ओव्हर.

*वेलिना :* इथे बऱ्याच जणांना वाटतं, आपलं आपण बघावं. ओव्हर.

*नोत्वे :* बऱ्याच जणांना म्हणजे तुझ्या नवऱ्याला. गाडीवर कर्णा लावून फिरत होता ना? माझ्या घरचे निरफणस खाऊन वाढला तो. ओव्हर.

*वेलिना :* तिथे कॉलेजला होता तेव्हा दोन वर्षं खाल्ले, आई. त्यात कोण किती वाढतंय! ओव्हर.

*(बाकावर हसू.)*

*नोत्वे :* हस. उद्या पोटच्या पोरीला भेटायला मला परवाना काढावा लागेल, तेव्हाही हस. ओव्हर.

*वेलिना :* तुला काय त्याचं? तुला तुझ्या बेटाचा तारा मिळतोय. आमचा निघाला तर तेवढी जागाच होईल. ओव्हर.

*नोत्वे :* असं? मग ऐक. तो तुमचा तारा मी माझ्या हातांनी उसवीन आणि दारात टाकीन, पाय पुसायला! ओव्हर.

*(खरखर.)*

*नोत्वे :* वेलिना? ओव्हर म्हटलं मी. ओव्हर.

*(खरखर.)*

*ऑपरेटर :* नोत्वेबाई, तिकडे उठून गेलेत बघा. पुढचं कोण?

बाकावर या वेळी कुणी हसलं नाही. माजुरोच्या बाकावर वेलिनाची सासूही बसली होती, हे नोत्वेला चार दिवसांनी कळलं.

सहा. डिसेंबर ते एप्रिल

वेलिनाला दिवस गेल्याची बातमी नणंदेकडून आली, पेर्पेतुआकडून. आईला नाही, आत्याला कळवलं. नोत्वेने ती बातमी परकराला काजं करता करता ऐकली आणि सहा काजं चुकीच्या बाजूला केली.

पहिलं बाळंतपण आईच्या घरी. हे कुणी कुणाला शिकवावं लागत नाही. पोनपेत नाही, कोसरायवर नाही, माजुरोतही नाही. मुलगी सातव्या-आठव्यात येते, आईच्या खोलीत झोपते, आईच्या हातचं खाते. जी येत नाही तिला आई नाही असं लोक समजतात. आणि आई असून जिची येत नाही, तिच्याबद्दल काय समजायचं हे लोकांनी अजून ठरवलेलं नाही, कारण तसं कुणी पाहिलेलं नाही.

नोत्वेने केलेली तयारी :

केवड्याच्या पानांच्या दोन चटया, एक बारीक विणीची.

खोबरेल, फुलं घालून कढवलेलं, तीन बाटल्या.

मागच्या खोलीच्या खिडकीची फळी बसवली. केसनरला चौदा वेळा सांगून.

अळूच्या कंदांचा एक वाफा, बाळंतिणीपुरता राखलेला. कुणाला हात लावू न दिलेला.

पत्र, शून्य.

पत्रात लिहायचं काय? चुकलं माझं? मोठ्या माणसाने धाकट्याला असं म्हणायचं नसतं. तसं म्हटलं तर धाकट्यालाच लाजिरवाणं होतं. मग एप्रिलमध्ये झेंडा आला. समोर सहा तारे, हातात ब्लेड, आणि उजवीकडचा वरचा तो. एकदा तिने ब्लेड शिवणीला लावलंही. मग ते कागदात गुंडाळून पुन्हा डब्यात ठेवलं. हा तारा उसवला की जुलैत बोललेलं खरं झालं. मग कोणत्या तोंडाने म्हणायचं, ये?

अजून सहाच. शुक्रवार, चार मे

विमान पांढऱ्या धावपट्टीवर धूळ उडवत थांबलं. वेलिना शिडीवरून उतरली, एक हात कठड्यावर, एक पोटावर. सातवा सरत आलेला. ती येणार हेही पेर्पेतुआकडूनच कळलेलं, तरी नोत्वे जाळीपाशी सगळ्यांत पुढे उभी होती. बाजूला केसनर, हातात शहाळं धरून. मागे पेर्पेतुआ तिच्या पिकअपजवळ.

वेलिना आधी बापाच्या गळ्यात पडली. शहाळं सांडलं.

"बाबा, किती वाळलात!"

"तुझी आई स्वयंपाक करते आणि रागावते, दोन्ही एकदम. गिळायचं कसं?"

मग ती आईसमोर उभी राहिली. तोंडावर थकवा, पण डोळ्यांत जुलैतला राग तसाच, रेडिओवर दिसला नव्हता तो.

"आई."

"चल. खोली तयार आहे. खिडकी पण..."

"तुझ्या दारात पाय पुसायला काय ठेवलंयस, ते आधी बघून ये," वेलिना म्हणाली. आवाज चढवला नाही. "मग मी ठरवते पाय टाकायचा का."

आणि ती आत्याच्या पिकअपमध्ये जाऊन बसली.

पेर्पेतुआ दार लावता लावता थांबली. सत्तरीची बाई, आवाज मात्र तिशीचा. "वहिनी, माझ्याकडे बघू नकोस. पोर माझ्या दारात आली तर मी काय परत पाठवू? पण एक सांगते. माझ्या घरी ती आठवडाभर राहील. बाळंत माझ्या घरी झाली तर ते काळं तुझ्या तोंडाला लागेल आणि माझ्याही."

"मग तुम्ही समजवा की तिला, वन्सं."

"तू सगळ्या समुद्राला ऐकवलंस. मी एकटी काय समजावू!"

विमानतळावर चाळीसेक माणसं होती. चाळीसही जणांना सामान शोधायला त्या दिवशी फार वेळ लागला.

सहा. शनिवार

"साकाऊ," केसनर म्हणाला.

नोत्वेने रविवारसाठी निरफणस भाजायला घातले होते. तिच्या घरी, म्हणजे तिच्या माहेरच्या रीतीने, रविवारी चूल पेटत नाही, सुई चालत नाही, झाडावरचं फळ तोडायचं नाही. सगळं शनिवारी.

"काय साकाऊ?"

"माफी मागायची एकच रीत आहे. झाड उपटायचं, न्यायचं, त्यांच्या अंगणात मुळं कुटायची, रसाची करवंटी पुढे करायची. बोलावं लागत नाही. मोठ्याने धाकट्याला काय म्हणायचं हा तुझा प्रश्नच मिटला. बोलायचंच नाही! तुला अवघड जाईल, पण करून बघ."

"मी साकाऊला शिवत नाही."

"एकतीस वर्षं बघतोय मी. आम्ही पीत बसलो की तू नाक मुरडून कपडे वाळत घालतेस, पाऊस पडत असला तरी."

"माझे आजोबा चर्चचे होते. आमच्या बेटावर ती नशेची मुळं उपटून समुद्रात टाकली लोकांनी."

"अगं, म्हणजे त्याआधी पीतच होते की!"

तिने निरफणस उलटा केला. मग विचारलं, "तुमच्या डोंगरावरचं ते मोठं झाड आहे ना? मानाच्या पंक्तीसाठी राखलेलं?"

ते झाड केसनरने नऊ वर्षं वाढवलं होतं. पुढच्या हंगामात ते सरदाराच्या घरी नेऊन टाकलं की त्याला वरचा किताब मिळायचा होता, आणि किताब मिळाला की लोक त्याला केसनर म्हणून हाक मारायचं थांबवणार होते. त्या किताबाच्या हाकेची तो फार वाट पाहत होता.

"ते न्यायचं म्हणतेस?"

"वाईट बोलले ते काही लहान बोलले नव्हते."

केसनरने बराच वेळ डोंगराच्या बाजूला पाहिलं. "केसनर हे नाव तसं वाईट नाही," तो म्हणाला. "मग उद्याच जाऊ."

"उद्या रविवार."

"रविवारी माफी मागता येत नाही?"

"मागता येते. कुटता येत नाही."

सहा. रविवार

काही नाही. रविवार होता.

सहा. सोमवार

चार माणसांनी झाड काठीला टांगून खांद्यावर घेतलं होतं, पानांसकट, मुळांना ओली माती लागलेली. त्यांच्या मागे केसनर. त्याच्या मागे नोत्वे, घोट्यापर्यंतच्या पांढऱ्या पोशाखात. हा पोशाख तिने आजवर फक्त नाताळला घातलेला. तिच्या बेटावर नाताळला सगळं गाव पांढऱ्या कपड्यांत गात गात रांगा धरतं, रांगा वळतात, एकमेकींत शिरतात आणि मैदानावर माणसांचा तारा तयार होतो. लहानपणी ती नेहमी टोकावर असायची. टोकावरच्याला सर्वांत जास्त चालावं लागतं.

कोलोनियाच्या रस्त्यावर दुकानं उघडी होती. रेडिओ-खोलीचा ऑपरेटर दारात आला. जुलैतल्या बाकावरचे दोघेजण सायकलवरून उतरून उभे राहिले. एक बाई म्हणाली, "अगं बाई, नोत्वे आणि साकाऊ?" दुसरी म्हणाली, "गप, परकर अडवेल तुझा." पण दोघी मागोमाग निघाल्या.

पेर्पेतुआच्या अंगणात झाड उतरवलं. ते कुठून आणलं आणि कशासाठी राखलेलं होतं, हे तिथे प्रत्येकाला माहीत होतं. पेर्पेतुआने भावाकडे पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला.

मग दगडांचा आवाज सुरू झाला. मुळं मोठ्या सपाट दगडावर, हातातल्या दगडांनी, एका तालात. तो आवाज घंटेसारखा दूर जातो. ज्याला कळलं नव्हतं त्यालाही आता कळलं. कुटलेला लगदा रानजास्वंदीच्या सालीत गुंडाळून पिळला. राखाडी, बुळबुळीत रस करवंटीत उतरला.

"दे," नोत्वे केसनरला म्हणाली.

"तू नेणार? मी नेतो की. रीत तशीच आहे."

"बोलले मी."

तिने करवंटी दोन्ही हातांत घेतली. डोळे खाली. करवंटी काठोकाठ भरली होती. सवय नसलेल्या हातांत रस हिंदकळला आणि पांढऱ्या पोशाखावर छातीपासून गुडघ्यापर्यंत ओघळला. मागे कुणीतरी जीभ चावली. ती थांबली नाही. चटईवर बसलेल्या वेलिनापुढे तिने गुडघे टेकले आणि करवंटी पुढे धरली.

पेर्पेतुआची कोंबडी मधून चालत गेली.

वेलिनाने करवंटी धरली.

"पोटुशी बाई पीत नाही," पेर्पेतुआ मोठ्याने म्हणाली, सगळ्या अंगणाला. "धरली म्हणजे घेतली! मी पिते तिच्या जागी." आणि ती प्यायली, एका दमात, डोळे मिटून.

करवंटी पुन्हा भरली, आणि या वेळी वेलिनाने ती आईपुढे केली.

नोत्वेने तिच्याकडे पाहिलं, मग आभाळाकडे. आजोबा असलेच तर त्याच बाजूला असणार. प्यायली. मातीसारखं कडू, जिभेला चिकटणारं. आणि हळूहळू तिचे ओठ बधिर झाले, मग जीभ. ज्या तोंडाने ते बोलली होती, ते तोंड तिचं राहिलंच नाही. लोक म्हणतात, नोत्वे एवढा वेळ गप्प बसलेली त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

वेलिना तिच्याकडे वाकली. अगदी हळू म्हणाली, "आई, ऐकू येतंय. ओव्हर."

नोत्वेला उत्तर द्यायचं होतं. ओठ हलेनात. तिने नुसती मान हलवली, पुन्हा पुन्हा.

पाच. मंगळवार

दारात पाय पुसायला पांढरा पोशाख पसरलेला होता. राखाडी डागांची बाजू वर.

वेलिना उंबऱ्याशी थांबली. एका हाताने चौकट धरली, कंबरेतून जेवढं वाकता येईल तेवढी वाकली आणि पोशाख उचलला.

"हे काय लावलंयस?"

"तूच म्हणालीस ना, दारात काय ठेवलंयस बघ." नोत्वेचे ओठ परत आले होते. "हे ठेवलंय. पुस पाय."

"वेडी आहेस का? नाताळचा पोशाख! अगं, मागची बाजू तर कोरी आहे. काहीही फेकायला निघतेस." ती आत आली. चालता चालता, पाय न पुसताच. सगळ्या घरभर तिच्या पावलांचे ओले ठसे उमटले. नोत्वेने ते दुपारपर्यंत पुसले नाहीत.

खुर्चीवरचा झेंडा तिला लगेच दिसला.

"हाच का?"

"हाच. परवा चढवायचा आहे. माझ्याने उसववत नाही. मास्तरांना सांगते, दुसरी कुणी..."

"कुठला तो? आमचा?"

"तुला काय करायचंय?"

"उजवीकडचा वरचा. लहानपणी तू शिवताना मी दोरा ओवून द्यायचे. तू पुटपुटायचीस, मला ऐकू यायचं." वेलिना खुर्चीत बसली, झेंडा पोटावर पसरला. पोटामुळे मधला भाग उंचावला, तारे उतारावर आले. "ब्लेड दे."

"वेलिना..."

"माझा मी काढते. तू काढलास तर ते वेगळं होतं. मी काढला तर मी नेला."

ब्लेड शिवणीखाली गेलं. तिने टाके एकेक करून तोडले, कापडाला धक्का न लावता. आईनेच शिकवलं होतं तसं. नऊ वर्षांपूर्वीचा टाका, दुहेरी, घट्ट.

"केवढं घट्ट शिवलंयस!"

"वारा असतो वर."

शेवटचा टाका सुटला आणि तारा तिच्या हातात आला. खाली जिथे तारा होता तिथे झेंडा निळाभोर होता. बाकी सगळं कापड नऊ वर्षांच्या उन्हापावसाने फिकुटलेलं, आणि त्यात पाच टोकांचा एक निळा तारा. कापड विकत आणलं त्या दिवशी होतं तसाच.

दोघी त्याकडे बघत राहिल्या. पोटातल्याने लाथ मारली असावी, कारण तो निळा तारा किंचित हलला.

तीन. बुधवार, सकाळ

पलाऊचा नोत्वेने काढला. मारियानाचाही. प्रत्येकाला काढण्याआधी दोन शब्द बोलली, ते वेलिनाला ऐकू आले नाहीत आणि तिने विचारलंही नाही. यापचा काढून तोच डावीकडे मध्यावर बसवला. पोनपे वर, ट्रूक खाली, जिथे होते तिथेच.

उजवी बाजू रिकामी राहिली.

"मास्तर म्हणतात, निघालेल्यातलाच एक लावा तिथे," नोत्वे म्हणाली. "कापड वाचेल."

"आमच्या ताऱ्याचं कोसराय करणार? रेडिओवर तेच म्हटलं होतं मी तुला." वेलिना हसली. मग उठली, कपाटामागून पांढरा पोशाख काढला, मागची कोरी बाजू उजेडात धरली. "याचा कर. मैदानावर तारा व्हायचीस ना असल्याच पोशाखात? टोकावरची?"

"टोकावर फार चालावं लागतं," नोत्वे म्हणाली आणि कात्री घेतली.

चार. गुरुवार, दहा मे

पाऊस पहाटेच येऊन गेला होता. पोरं रांगेत उभी होती. मास्तरांनी दोरी ओढली, झेंडा वर गेला, वाऱ्याने उलगडला, आणि मागून ऊन आलं.

मास्तर मोजायला लागले. मग जपून, डोळे बारीक करून, परत मोजायला लागले.

"नोत्वेबाई," ते तोंडाच्या कोपऱ्यातून म्हणाले, "चार पांढरे आहेत. बरोबर. पण मधून मधून निळे पण आहेत."

"निळे पण चार. तीन गेलेल्यांचे, एक यापची जुनी जागा."

"ते दिसायला नकोत!"

"मास्तर, उन्हाला सांगा. काही वर्षांत ते सारखं करून टाकेल. तोवर राहू देत."

मास्तरांनी बोटं दुमडली, उघडली. पोरं गायला लागली होती, आता थांबवणं शक्य नव्हतं. पेर्पेतुआ डोळे पुसत होती. केसनरला कुणीतरी नुसतं "केसनर" म्हणून हाक मारली, तो वळला आणि हसला. वेलिना ओट्यावर खुर्चीत बसली होती, पाय लांब करून, मांडीवर तीन तारे. त्यातल्या एकाला ती झबल्याची बाही जोडून बघत होती.

"बाही कमी पडते," ती आईला म्हणाली.

"पडू दे. पाठीला लाव. पाठ मोठी असते."

एक

मुलगी झाली, जुलैत, मागच्या खोलीत, खिडकीची फळी उघडी ठेवून. तिच्या पहिल्या झबल्याच्या पाठीवर पांढरा तारा होता. दोन महिन्यांतच तो धुवून धुवून मऊ पडला.

सप्टेंबरात माजुरोहून एक पाकीट आलं. आत वेलिनाच्या सासूने स्वतः पेन्सिलीने काढलेलं चित्र. मार्शलने मेमध्ये आपला नवा झेंडा घेतला होता. निळं, तिरके दोन पट्टे आणि वर कोपऱ्यात तारा. निरोप वेलिनाने वाचून दाखवला. सासूबाई म्हणतात, इथे नीट शिवणारं कुणी नाही. आमच्या घरावर लावायला एक हवा. विहीणबाईंनी शिवला तर वाऱ्यात टिकेल, असं ऐकते.

"एकच तारा?" नोत्वेने चष्मा वर केला. "एक तर एक. सोपं आहे."

"मोज आई."

नोत्वेने टोकं मोजली. मग परत मोजली.

"चोवीस? चोवीस टोकं! अगं, कुणी शिवणाऱ्या बाईला विचारलं होतं का हे ठरवण्याआधी?"

"चार लांब आहेत, वीस आखूड," वेलिना म्हणाली. "जमत नसेल तर तसं कळवते."

"जमत नसेल काय? आठ पाय मी रोज काढते." तिने ऑक्टोपसाचा परकर बाजूला सारला, नातीला उचलून वेलिनाच्या मांडीवर दिलं, आणि पांढऱ्या कापडावर खडू टेकवला. "आठ त्रिक चोवीस. चल, दोरा ओव."